मुळेच्या तळातलं पान

"दवाखानेवाले फुडच्या दाराला या गं, बायांनो! कोर्टाचे बसून ऱ्हावा, तुमची तारीख कुठं पळून जात न्हाई! बी-बियाणं, खत, औषध, पुलापल्याड!"

हा आवाज लहानपणापासून माझ्या कानात आहे. ज्योतिबा कंडक्टरचा. आमच्या गावाहून निपाणीला जाणाऱ्या गाडीत तो दाराला एक खांदा लावून उभा असायचा. थांब्यांना सरकारी नावं होती, पत्र्याच्या पाट्यांवर रंगवलेली. ज्योतिबानं ती कधी उच्चारली नाहीत. कडेवर तापलेलं पोर घेऊन पहिल्यांदाच निपाणीला निघालेल्या बाईला थांब्याचं नाव कुठलं माहीत? तिला ताप माहीत. मग ज्योतिबा तिच्याकडे बघून, तिकिटाच्या पेटीवर टिचकी मारत, सुरात म्हणायचा:

"ताप आला लेकराला, उतर गं हितं माय,
डाव्या हाताला वळलीस की दारात डाक्टर हाय."

गाडी हसायची. बाईही हसायची, पोराला सावरत उतरायची आणि डावीकडे वळायची. चुकलेली मी एकही बघितली नाही.

पुढे मी बेंगळूरला आले आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत मदतीची पानं लिहायला लागले. हे बटण दाबलं तर काय होतं, हा आकडा कुठे भरायचा, चुकलं तर काय करायचं. घरी आईनं विचारलं, "म्हंजे नेमकं काय करतीस?" मी म्हटलं, "आई, मी ज्योतिबाचं काम करते." तिला पटलं. मलाही बरेच दिवस ते खरंच वाटत होतं.

आमचं ऑफिस राजाजीनगरात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि वर आम्ही लहान कारखान्यांसाठी मालाचं सॉफ्टवेअर करायचो. काय आलं, काय गेलं, काय उरलं. गिऱ्हाइकं बहुतेक पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतली. लेथवाले, गिअरवाले, स्प्रिंगवाले, एका शेडमध्ये दहा-बारा माणसं आणि कोपऱ्यात धूळ बसू नये म्हणून टॉवेल पांघरलेला एक कंप्युटर.

आधी या सॉफ्टवेअरबरोबर जाडजूड पुस्तक जायचं. शेवटी विषयांची सूची असायची. मग पुरुषोत्तम सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळं पुस्तक कंपनीच्या वेबसाइटवर चढवलं. छपाई थांबली. सूचीही गेली. "डाव्या बाजूला मेनू आहे ना? मग सूची कशाला?" सर म्हणाले.

त्या मेनूत नद्या होत्या.

ते सांगायला हवं. आमच्याकडे एक रीत होती. सॉफ्टवेअरचा एखादा भाग जो पहिल्यांदा लिहील, त्यानं त्या भागाला आपल्या गावच्या नदीचं नाव द्यायचं. मडिकेरीच्या मुलानं आवक लिहिली, ती झाली कावेरी. शिमोग्याच्या मुलीनं जावक लिहिली, ती तुंगा. सौंदत्तीच्या मुलानं मोजणी लिहिली, ती मलप्रभा. सर पुण्याचे. अहवाल आणि महिनाअखेर त्यांनी स्वतः लिहिलेली. ती मुळा. नाव ठेवायच्या दिवशी पेढे यायचे, कुणीतरी गावचा घाट आठवून हळवं व्हायचं. मला ती रीत फार आवडायची. ओव्या ऐकत वाढलेली मी. नदीचं नाव कानावर पडलं की पुढची ओळ आपोआप जुळायला लागते.

पण घरातलं लाडाचं नाव घरात. ते पाटीवर रंगवून रस्त्यात टांगलं तर पाहुण्यानं घर शोधायचं कसं? वेबसाइट झाली तेव्हा त्याच नद्या मेनूत उतरल्या. पीण्यातला स्टोअरकीपर, तेलकट बोटांत चिठ्ठी धरून पडद्यापुढे बसलेला. त्याचा माल आलाय आणि आकडा चुकलाय. त्यानं कावेरीत शिरायचं की मलप्रभेत?

आणि चुकांना तर नदीच नव्हती. 'चूक' नावाचा भाग कुणी लिहिला नव्हता, मग त्याला नाव कोण ठेवणार? माझी चुकांवरची सगळी पानं जिथे जागा मिळाली तिथे कोंबली गेली. छापील पुस्तकात नसलेलं एक नवं पान मी फार जपून लिहिलं होतं: 'बंद केलेला महिना पुन्हा उघडणे'. महिना एकदा बंद केला की त्यात नवी नोंद घेता येत नाही. घाईत कुणी आधीच बंद केला तर तो उघडायची एक वाट होती. पण पुढच्या महिन्याची पहिली नोंद होईपर्यंतच. ती नोंद झाली की कुलूप कायमचं. म्हणून मी पानाच्या माथ्यावरच ठळक लिहिलं होतं: 'थांबा. आधी हे वाचा.'

ते पान ठेवलं मुळेत. मुळेत अहवाल, अहवालांत परिशिष्ट, परिशिष्टात विशेष बाबी, आणि त्या यादीच्या तळाशी ते. 'थांबा' म्हणणारी पाटी दरी संपल्यावर लावलेली.

मी सरांकडे गेले होते. कागदावर नवा मेनू काढून नेला होता: माल आला. माल गेला. माल मोजायचाय. चूक झालीय.

सरांनी तो हातात धरला आणि हसले. "पवित्रा, ही किराणा दुकानाची पाटी वाटते गं. ही नद्यांची नावं आपली आयडेंटिटी आहेत. फॉरेनचा क्लायंट बघतो, विचारतो, वॉव, काय स्टोरी आहे ही!"

"सर, फॉरेनच्या क्लायंटचा माल नाही हो चुकत. पीण्यातल्याचा चुकतो."

"त्यांच्यासाठी गुंडूराव आहेत."

गुंडूराव तिथेच बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. एक शब्द बोलले असते तर सरांनी ऐकलं असतं, त्यांचं सर ऐकायचे. गुंडूरावांनी चष्मा काढून पुसला. बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सोड गं. मी आहे ना सांगायला."

गुंडूराव, आमचे सगळ्यांचे गुंडूअण्णा, सपोर्टचे प्रमुख. चिकपेटेतलं कापडवाल्यांचं जुनं मराठी घराणं; आजोबांच्या आधीपासून बेंगळूरचे. सरकारी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन इथे आलेले. छापील पुस्तक त्यांना तोंडपाठ. हॉलच्या या टोकाहून कुणी ओरडायचं, "अण्णा, परत आलेला माल?" आणि त्या टोकाहून, डोसा खात खात, उत्तर यायचं. गिऱ्हाइकांचंही तेच. फोन लावायचा, अण्णा सांगायचे. सगळं ऑफिस अण्णांच्या आवाजावर चालायचं. मेनू कुणी उघडतच नव्हतं. मग त्यात काटे आहेत हे कुणाच्या पायाला कळणार?

आणि त्यात ऑफिसातली गंमत अशी, की आतल्या नेटवर्कवर पानं टिचकीसरशी उघडायची. बाहेर मोडेमवर एकेक पान उतरताना माणूस काय भोगतो, हे आमच्यातल्या कुणीच बघितलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलअखेरीस, एका दुपारी, महांतेश आला.

जिना चढून दारात उभा राहिला. तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. नंतर कळलं की कारखान्यात येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, तरी बायको काळजी करील म्हणून तो रोज डबा घेऊन घराबाहेर पडायचा.

"मराठी कोण हाईत काय हितं?" त्यानं विचारलं. "फोनवर मराठीत बोलल्याले एक जण."

चिकोडीकडची बोली. माझ्या कानाला गावाकडचा वारा लागला. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

पीण्यात पवनकुमार म्हणून एकांचा गिअरचा कारखाना, तिथे तो स्टोअरकीपर. मार्चअखेर पितळेच्या सळया लेथकडे गेल्या. फोरमननं माल नेल्याची चिठ्ठी उशिरा दिली. तोवर यानं महिना बंद केला होता. चिठ्ठी हातात आली आणि याच्या लक्षात आलं: सळया स्टोअरमध्ये नाहीत, पण कंप्युटर म्हणतोय आहेत.

"मग बगितलो की, अक्का. तुमच्या वेबसाइटीवर बगितलो. कावेरी उघडलो, त्यात न्हाई. तुंगा उघडलो, त्यात न्हाई. एकेक पान यायला इतका येळ की चहा गार होतंय. आमच्याकडं लाइन एकच. इंटरनेट लावलं की फोन बंद, फोन लावायचा तर इंटरनेट तोडायचं. शोधायचं तर इचारता येत न्हाई, इचारायचं तर शोधता येत न्हाई. शेवटी तोडलो आणि फोन लावलो."

"मग?"

"एक मोठे माणूस बोलले. आवाज वयस्कर. म्हटलो, पितळेची चिठ्ठी ऱ्हायली, महिना बंद झालाय, काय करू? ते म्हटले, थांब हं. लई येळ थांबलो. मग म्हटले, मॅन्युअलात आहे, शोध, मिळेल. ठेवले."

गेटवर ट्रक उभा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मालक ओरडत होते. त्यानं एप्रिलची पहिली नोंद केली आणि मार्चला कायमचं कुलूप लागलं. ऑडिटर आला. पितळ कमी. पवनकुमारांनी त्याच्या हातातून स्टोअरच्या किल्ल्या काढून घेतल्या.

"चिठ्ठी दाखवली नाहीस?"

"दावलो. म्हटले, चिठ्ठी काय, आत्ता पण लिहिता येते. कंप्युटर खोटं बोलत न्हाई." त्यानं डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरली. "अक्का, पितळ भंगारात इकलो म्हणत्यात. माझं एवढंच मागणं हाय. मी त्या दिवशी फोन केलतो, एवढं कुणीतरी सांगा. चोरानं चोरी केली तर तो फोन करून इचारील काय, नोंद कशी घालू म्हणून?"

एवढं सरळ होतं. तो शब्द मिळाला तर त्याचं नाव धुतलं जाणार होतं. नाही तर पीण्यात कुठल्याच शेडमध्ये त्याला कुणी किल्ली देणार नव्हतं.

मी त्याला अण्णांच्या टेबलाकडे नेलं. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं.

"मार्चअखेरीला हजार फोन येतात, तम्मा," ते म्हणाले. "आठवत नाही रे."

महांतेशनं त्यांचा आवाज ऐकला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. आवाज ओळखल्याचं त्यावर लख्ख उमटलं. पण थोरल्या माणसाला खोटं कसं म्हणायचं? त्यानं फक्त मान हलवली, "सरी अण्णा," म्हणाला, आणि डबा घेऊन जिना उतरला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हजार फोन? पितळेची चिठ्ठी आणि बंद झालेला महिना असे हजार फोन येत होते? आले असतील तर मग त्या पानाला तळात ठेवणाऱ्यांना आपण सगळ्यांनी मिळून जाब का विचारला नाही?

संध्याकाळी अण्णांना गाठलं. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, उंच टेबलाशी, एक कॉफी दोघांत घेऊन.

"अण्णा, तो तुमच्याशीच बोलला होता."

"आठवत नाही म्हटलं ना."

"तुम्हाला गिऱ्हाइकांच्या पोरींच्या लग्नाच्या तारखा आठवतात."

त्यांनी कॉफीचा पेला हातात फिरवला. मग वेगळंच बोलले. "पवित्रा, या ऑफिसात तुम्ही सगळे इंजिनियर. मी काय? मॅट्रिक पास, फॅक्टरीतला क्लार्क. तरी पोरं अण्णा अण्णा करत येतात. का? अण्णाला ठाऊक असतं म्हणून. ज्या दिवशी अण्णाला ठाऊक नसेल..." कॉफी संपवली. "व्हाइटफील्डला मोठं ऑफिस होणार म्हणतात. तिथे म्हाताऱ्याला टेबल देतील काय की."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मी कॉफीचे पैसे दिले आणि निघाले.

आठवडाभरात पवनकुमारांचा निरोप आला: मी माझ्या माणसाला घेऊन येतो. तुमचं सॉफ्टवेअर चुकलं की माझा माणूस चोर, एवढं मला सांगा.

ते यायच्या दिवशी सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुशीत होते.

"पवित्रा, महिना परत उघडायचं पान आहे ना आपलं? मार्चमध्ये होतं ना साइटवर?"

"होतं, सर."

"ग्रेट! मग संपलं. इन्फर्मेशन अव्हेलेबल होती, युजरनं वाचली नाही. युवर पेज सेव्ड अस." मग माऊस माझ्याकडे सरकवला. "कुठे आहे ते जरा दाखव."

मी दाखवलं. मुळा, अहवाल, परिशिष्ट, विशेष बाबी, तळाशी.

"परत एकदा?"

परत दाखवलं. मग त्यांनी स्वतः करून बघितलं. अहवालांत चुकले. परत मागे आले. मग बरोबर जमलं. अजून एकदा केलं, जरा झपझप. पाहुणे यायच्या आधी परवचा म्हणावा तसे सर वाट पाठ करत होते, आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते. आपल्याच घरची वाट! ज्यानं घर बांधलं त्याला पाठ करावी लागते, आणि पीण्यातल्या माणसानं ती ट्रकच्या हॉर्नमध्ये, गार चहापुढे, आपोआप ओळखायची!

मी ते पान लिहिलं होतं कुणाला तरी हात द्यायला. आता त्यालाच साक्षीला उभं करणार होते, ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्याच विरुद्ध. मला वाटलं, आत्ता जाऊन ते पुसून टाकावं. पण पुसलं तर उद्या दुसरा कुणी शोधत येईल, त्याचं काय?

पवनकुमार आले. पांढरा सफारी, कपाळाला गंध, बोलणं जुन्या बेंगळूरकर मराठी घरांतलं. मागे महांतेश. खुर्ची दिली तरी टेकला नाही, भिंतीशी उभा राहिला. सर, मी, आणि दाराजवळ गुंडूअण्णा.

"सगळे आपलेच आहोत, मराठीतच बोलू," सर म्हणाले आणि मॉनिटर पाहुण्यांकडे वळवला. "पवनकुमारजी, हे बघा. मुळा. अहवाल. परिशिष्ट. विशेष बाबी. आणि हे पान. वर काय लिहिलंय? 'थांबा. आधी हे वाचा.' अजून किती क्लिअर लिहायचं?"

खरंच झपझप आलं. पवनकुमारांनी वाकून बघितलं. मग मागे वळले. "काय रे? इथे तर ठळक अक्षरांत आहे. तुला डोळे नाहीत?"

"मला गावलं न्हाई, सार. लई शोधलो."

"गावलं नाही! सारांना स्वल्प वेळात गावलं, तुला गावलं नाही!"

महांतेश खाली बघत राहिला. कुणाच्या तरी हातातून पडलेली स्टेपलरची पिन जमिनीवर होती, तिच्याकडे.

माझ्या डोक्यात ज्योतिबा उभा राहिला. त्याच्या गाडीतली एखादी बाई चुकीच्या थांब्यावर उतरली असती, तर तो तिला आंधळी म्हणाला असता? की घंटा मारून गाडी थांबवली असती?

"सर सकाळी शिकले," मी म्हणाले.

"पवित्रा?"

"पवनकुमारसाहेब, सरांना ही वाट आज सकाळी मी दाखवली. दोनदा. त्याआधी त्यांनाही ठाऊक नव्हती."

सरांचे कान लाल झाले. "धिस इज नॉट द प्लेस, पवित्रा."

"मग कुठली जागा, सर? मी पान लिहिलं, माझं नाव आहे त्यावर. त्या पानाला आपण विहिरीत टाकलं आणि आता तहानलेल्याला म्हणतो, पाणी होतं की, तू प्यायला का नाहीस? कावेरी, तुंगा, मलप्रभा. या माणसाला काय ठाऊक कुठल्या पोराचं गाव कुठलं? त्याला आपली चूक ठाऊक होती. 'चूक झालीय' अशी एक पाटी आपण लावली असती, एकच, तर हा आज भिंतीशी उभा नसता!"

खाली ड्रिल सुरू झालं आणि थांबलं. पवनकुमार एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघत होते.

"अय्यो, भांडण तुमचं तुम्ही नंतर करा," ते म्हणाले. "नद्या ठेवा नाहीतर तळी ठेवा. मला माझं पितळ कुठे गेलं ते सांगा."

सर सावरले. हसू आणलं. "बाईंना काम जास्त झालंय. साधी गोष्ट आहे, मेनू कठीण असता तर आमचे बाकीचे क्लायंट ओरडले नसते? आमचे गुंडूराव रोज हीच साइट वापरून सगळ्यांना सांगतात. या अण्णा, बसा. एखादं पान काढून दाखवा यांना. 'परत आलेला माल' काढा."

अण्णा दारातून आत आले. खुर्चीवर बसले, चष्मा नाकावर सरकवला, माऊसवर हात ठेवला.

कावेरी उघडली. यादी वरून खाली बघितली. मागे आले. तुंगा उघडली. बाण एका ओळीवर थांबला, खाली सरकला. मागे आले. मलप्रभेवर नेला आणि न दाबता तसाच ठेवला.

खोलीत माऊसचा आवाज बंद झाला. छापील पुस्तक असतं तर अण्णांनी डोळे मिटून पान उघडलं असतं. हे पुस्तक नव्हतं.

"अण्णा, तुंगेतच आहे ना, रिटर्न्समध्ये?" सर हळूच म्हणाले.

अण्णांनी माऊसवरचा हात उचलला. खुर्ची वळवली, सरांकडे नाही, भिंतीकडे. महांतेशनं मान वर केली.

"बस रे तू आधी," अण्णा म्हणाले. "तू उभा असलास की मला बोलवत नाही."

महांतेश खुर्चीच्या कडेला टेकला.

"पवनकुमार, तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो. बळेपेटेतल्या त्यांच्या दुकानात माझे काका मापं घेत असत. तुमच्या माणसाशी खोटं बोलायला मला लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही, कारण मला दुसरीच लाज जास्त होती." त्यांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरला. "यानं फोन केला होता. ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता मला. पितळेच्या सळया लेथला गेल्या, चिठ्ठी उशिरा आली, महिना बंद झाला, कसा उघडू, असंच्या असं विचारलं होतं. मी म्हटलं, थांब. आणि शोधलं. असंच, आत्ता बघितलंत तसं. कावेरी, तुंगा, परत कावेरी. हॉलमध्ये पोरं बसलेली. एकाला हाक मारली असती तर सापडलं असतं. पण अण्णा कुणाला विचारत नाही ना! म्हणून मी याला म्हटलं, मॅन्युअलात आहे, शोध, मिळेल. ते पान मलाच सापडलं नव्हतं, पवनकुमार. वर्षभरात मला यातलं एकही पान सापडलेलं नाही."